दोघांच्या आड काय येतं?

मराठी वाचकाला प्रेमाची कादंबरी आवडते, पण चारचौघांत तिच्यावर बोलायला तो बिचकतो. वाचक मंडळात पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरवायची वेळ आली की आत्मचरित्र, ऐतिहासिक कादंबरी, प्रवासवर्णन, एखादा गाजलेला अनुवाद अशी नावं पुढे येतात. प्रेमकथा घेऊ या असं कुणी सुचवलं, तर तिच्यात बोलण्यासारखं काय असणार, असा सूर लागतो. दोघं भेटतात, अडचणी येतात, मग लग्न होतं किंवा ताटातूट होते. चर्चा कशावर करायची? हा समज चुकीचा आहे. लग्न कुणी ठरवायचं, नवऱ्याने टाकलेल्या बाईने पुढे काय करायचं, बाईच्या इच्छेला काही मोल आहे की नाही, हे मराठी समाजाचे मोठे वाद सभांमधून आणि अग्रलेखांमधून झाले तसेच ते प्रेमाच्या कादंबरीतूनही झाले, आणि कादंबरीतून ते थेट माजघरात पोचले. मात्र प्रत्येक प्रेमकथा चर्चेला पुरते असंही नाही. कोणती पुरते हे ओळखायची एक साधी कसोटी आहे. दोघांच्या आड काय येतं, ते पाहावं. आड येणारी गोष्ट एका खुलाशाने दूर होण्यासारखी असेल, तर पुस्तक शेवटच्या पानाबरोबर संपतं. ती गोष्ट कायदा असेल, रूढी असेल, पैसा असेल, एखादं सरकार असेल किंवा त्या दोघांचा स्वतःचा स्वभाव असेल, तर पुस्तक मिटल्यावरही प्रश्न मिटत नाही.

मराठीत ही कसोटी लावायला सुरुवात हरिभाऊ आपट्यांपासून करावी लागते. त्यांच्या काळात मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी होत, त्यामुळे लग्नाआधीच्या प्रेमाला जागाच नव्हती. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मधल्या काळात, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करण्यावरून पुणं ढवळून निघालं. अशा वातावरणात हरिभाऊंनी यमूच्या तोंडून तिची हकीकत सांगितली. ही कादंबरी आपण विधवेच्या दुःखाची म्हणून वाचतो आणि ती तशी आहेच. पण तिच्या मध्यभागी एक प्रेमकथा आहे, हे सहसा बोललं जात नाही. यमू आणि रघुनाथ यांचं लग्न ठरवून झालेलं. प्रेम येतं ते नंतर, तो तिला शिकवतो, तिच्याशी बरोबरीने बोलतो त्यातून. भरल्या घरात नवरा-बायकोने दिवसाढवळ्या चार शब्द बोलणं हाच जिथे उर्मटपणा, तिथे मुंबईच्या वेगळ्या बिऱ्हाडातला त्यांचा मोकळा संवाद हीच बंडखोरी ठरते. रघुनाथ जातो आणि ज्या घराने हे प्रेम कधी मानलंच नव्हतं, ते घर यमूचं केशवपन करतं. आधीचं सुख इतकं खरं उतरलं आहे म्हणून ते केशवपन वाचवत नाही. नुसती दया मागायची असती तर हरिभाऊंना रघुनाथ एवढा चांगला रंगवण्याची गरज नव्हती.

पुढच्या पिढीत ना. सी. फडके आले आणि प्रेमकथेचं रूप पालटलं. 'जादूगार' १९२८ची, 'दौलत' १९२९ची, 'अटकेपार' १९३१ची. मुली कॉलेजात जाऊ लागल्या होत्या, तरुण-तरुणींची ओळख होऊ शकत होती आणि त्या नव्या जगाचं देखणं चित्र फडक्यांनी काढलं. कथानक कसं बांधायचं, उत्कंठा कशी ताणायची, गाठ कुठे मारायची आणि कुठे सोडायची याचं शास्त्रच त्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये मांडलं. मराठी गद्याला त्यांनी दिलेली सफाई आणि चाल नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. तरीही त्यांची कादंबरी चर्चेला घेतली की तासाभरात बोलणं आटतं, आणि त्याचं कारण त्यांच्या तंत्रातच आहे. तिथे दोघांच्या आड येतो तो बहुधा गैरसमज, योगायोग किंवा तिसऱ्याच कुणाची कारस्थानं. लेखकाने मारलेली गाठ लेखकच सोडवतो. वाचकाला गोष्ट पाहायची असते, त्याला मत द्यावं लागत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. माणसं प्रेमकथा मन रमवायला वाचतात. प्रत्येक पुस्तकाची परीक्षा का घ्यावी? मन रमवणं ही छोटी गोष्ट नाही. सर्क्युलेटिंग लायब्ररीतून दर दोन दिवसांनी कादंबरी बदलून आणणाऱ्या बायकांनी मराठी प्रकाशन व्यवसाय कित्येक वर्षं जगवला. चंद्रकांत काकोडकरांसारख्या लेखकांना समीक्षकांनी उभं केलं नाही, वाचकांनी मात्र डोक्यावर घेतलं. याच काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरलं आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. भारतीय समाजाच्या नीतिकल्पना झपाट्याने बदलत आहेत, हे न्यायमूर्तींनी त्या निकालात नोंदवलं. एका लोकप्रिय लेखकाच्या प्रेमकथेपायी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे लिहावं लागलं. तेव्हा लोकप्रिय म्हणजे क्षुल्लक, असं मला म्हणायचं नाही. वाचनाचा आनंद एकट्याचा असू शकतो. चर्चेला मात्र मतभेदाची जागा लागते, आणि ती काही पुस्तकांत असते, काहींत नसते, एवढंच म्हणणं आहे.

मतभेदाची जागा कशी असते ते पाहायचं तर १९३४ मध्ये आलेली 'हिंदोळ्यावर' उघडावी. लेखिका विभावरी शिरूरकर, म्हणजे बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. आदल्याच वर्षी 'कळ्यांचे निःश्वास' या त्यांच्या कथासंग्रहाने इतकी खळबळ उडवली होती की हे टोपणनाव कुणाचं, याचा शोध घेतला जात होता. 'हिंदोळ्यावर'ची नायिका अचला नवऱ्याने टाकलेली आहे आणि तिचं विरागवर प्रेम आहे. आजचा वाचक सहज विचारेल, घटस्फोट घेऊन मोकळी का होत नाही? कारण मुंबई इलाख्यातल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला तेव्हा घटस्फोटाची सोयच नव्हती. तो कायदा १९४७ मध्ये आला. पुरुषाला एक बायको असताना दुसरी करायला बंदी झाली तीही १९४६ मध्ये. म्हणजे नवऱ्याने टाकावं, खुशाल दुसरी करावी आणि टाकलेल्या बाईने जन्मभर त्याच्याच नावाने राहावं, हे कायदेशीर होतं. अचलेसमोर फक्त दोन वाटा उरतात: प्रेम विसरायचं, किंवा लग्नाशिवाय सोबत राहायचं. ती काय ठरवते यापेक्षा ते ठरवताना तिच्या मनाचे हेलकावे विभावरींनी ज्या प्रामाणिकपणे लिहिले आहेत, त्यासाठी ही कादंबरी वाचावी. तिचं धैर्य घोषणा देत येत नाही. ती घाबरते, मागे फिरते, पुन्हा ठरवते. कादंबरीत आज काही भाग भाषणवजा वाटतात, विचार पात्रांच्या तोंडी घातल्यासारखे. ते मान्य करूनही सांगतो, लग्नाच्या दाखल्याशिवाय राहणाऱ्या जोडप्याला घर भाड्याने मिळायला आजही जो त्रास होतो, तो पाहता अचलेचा प्रश्न जुना झालेला नाही.

१९३८ मध्ये विभावरींचं विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि १९३९ मध्ये बेडेकरांची 'रणांगण' आली. एका घरातल्या दोघांनी पाच वर्षांच्या अंतराने मराठीतल्या दोन सर्वांत धीट प्रेमकादंबऱ्या लिहिल्या, ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन इतिहासात जेवढी सांगितली जायला हवी तेवढी सांगितली जात नाही. बेडेकर चित्रपट दिग्दर्शक; कादंबरी त्यांनी ही एकच लिहिली. दुसरं महायुद्ध तोंडावर आलं आहे. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या एका इटालियन बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आहे आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू मुलगी आहे. चक्रधर घरी परततो आहे. हॅर्टाला घर उरलेलं नाही. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेल्या ज्यूंना त्या वर्षांत बहुतेक देशांनी दारं बंद केली होती. व्हिसा न मागणारं शांघाय हे बंदर उघडं होतं म्हणून इटालियन बोटींनी सुएझमार्गे हजारो लोक तिकडे गेले. हॅर्टाही पुढे, पूर्वेकडे जाणाऱ्यांतली आहे. मुंबई आली की तो उतरणार आणि ती उतरू शकणार नाही, हे पहिल्यापासून ठाऊक असताना हे प्रेम सुरू होतं.

बोट ही जागा बेडेकरांनी विचारपूर्वक निवडलेली दिसते. जमिनीवरचे सगळे नियम तिथे सैल होतात. ना आई-बाप विचारायला, ना जात आडवी यायला, ना शेजारी पाहायला. लग्नापूर्वीच्या प्रेमावर घरातून आणि शेजारातून जेवढ्या बेड्या पडतात, त्या सगळ्या लेखकाने एका फटक्यात काढून टाकल्या. आणि मग दाखवलं की तरीही दोघांच्या आड काहीतरी येतंच. बाहेरून येतं ते सरकार. ओळखीचे कागद नसलेल्या माणसाला बंदरावर पाय ठेवता येत नाही. प्रेम कितीही खरं असलं तरी बंदरावरचा अधिकारी पासपोर्ट मागतो. आतून येतं ते चक्रधरचं मन. उमा नावाच्या मुलीने दिलेला घाव घेऊन तो बोटीवर चढला आहे आणि स्त्रीवर पुन्हा विश्वास टाकायचा नाही असं त्याने मनाशी घट्ट केलं आहे. हॅर्टासारखी सर्वस्व गमावलेली मुलगी आपलं उरलेलं सगळं त्याच्यापुढे ठेवते, तेव्हा त्याला ते पेलत नाही. मुंबईला तो उतरतो. बोट पुढे जाते. नंतर कळतं ते हॅर्टाच्या मृत्यूचं.

इथे वाचकांत दोन तट पडतात आणि ते पडावेतच अशी या कादंबरीची घडण आहे. एक बाजू म्हणते, चक्रधर काय करणार होता? इंग्रजांच्या राज्यात एका परतंत्र देशाचा तरुण, त्याच्या शब्दाला बंदरावर किंमत ती काय? दुसरी बाजू म्हणते, त्याने केलं नाही हा प्रश्नच नाही. करता येईल का, हे त्याने जीव तोडून पाहिलं का, हा प्रश्न आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. कथा चक्रधर स्वतः सांगतो आणि तो स्वतःला सोडत नाही. परिस्थितीने दोघांना तोडलं एवढंच सांगायचं असतं, तर बेडेकरांनी त्याला निर्दोष नायक करून हॅर्टासाठी अश्रू गाळायला लावले असते. त्याऐवजी त्यांनी त्याच्या कडवटपणाला, त्याच्या सावध, हिशेबी माघारीला पानंच्या पानं दिली. युद्धाचं नाव असलेल्या या कादंबरीत तोफ वाजत नाही. माणसांना नकोसं ठरवणारं राजकारण आणि मायेला घाबरणारा पुरुष, हे दोघं मिळून एका मुलीचा जीव घेतात. या दोघांपैकी अधिक दोषी कोण, हे लेखकाने सांगितलेलं नाही.

मग चर्चेला पुरायचं म्हणजे शेवट दुःखाचाच हवा का? तसं अजिबात नाही. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रिज्युडिस'चा शेवट लग्नाचा आहे, आणि १८१३ पासून ती वादाला पुरून उरली आहे. कारण तिथे गैरसमज वरवरचा. खरी अडचण ही की बापाची मिळकत पाच मुलींपैकी एकीलाही मिळणार नाही, ती दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार. त्या नातलगाशी, मनात प्रेमाचा लवलेश नसताना, डोक्यावर छप्पर हवं म्हणून लग्न करणारी नायिकेची मैत्रीण शार्लट चूक की बरोबर, हे आजही ठरत नाही. आपल्याकडे श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) हे याचं लखलखीत उदाहरण. गावाने उनाड ठरवलेला बापू आणि गावाने नावं ठेवलेली राधा गावाच्या नाकावर टिच्चून एकत्र राहतात. पळून मुंबई गाठणं सोपं होतं. ज्या गावाने थुंकून टाकलं त्याच गावात उभं राहून मान मिळवायचा, ही बापूची जिद्द. तो जिंकतो, आणि त्याच्या जिंकण्यावरच वाद घालता येतो: गावाने राधेला मानलं, की बापूच्या कर्तबगारीपुढे मान तुकवली? मला वाटतं, बापूच्या कर्तबगारीपुढे. राधेचं धैर्य बापूपेक्षा तसूभरही कमी नाही, पण गावाच्या जमाखर्चात ते मांडलं जात नाही.

मराठी घरांत सर्वांत प्रिय असलेल्या दोन पुस्तकांवर मात्र आपण फार हळू आवाजात बोलतो. एक, रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२). माधवराव आणि रमाबाई यांच्या नात्याची कोवळीक देसायांनी ज्या मायेने रंगवली, तिच्यावर पिढ्या लोभावल्या. त्या प्रेमाच्या आड येतं ते राज्य आणि राजयक्ष्मा. शेवटी १७७२ मध्ये थेऊरला रमाबाई सती जातात. वाचकाचे डोळे भरून येतात आणि त्यात खोटं काही नाही. पण प्रेमाची पराकाष्ठा म्हणून सतीचं जाणं किती सहज स्वीकारलं जातं, हे विचारायला हवं. इतिहासात घडलं ते लेखक बदलू शकत नाही. ते कोणत्या प्रकाशात दाखवायचं हे मात्र त्याच्या हाती असतं, आणि 'स्वामी'तला प्रकाश मला फार सौम्य वाटतो. दुसरं, वि. स. खांडेकर यांची 'ययाति' (१९५९), जिला १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९७४ मध्ये जिच्यामुळे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं. ही वासनेची कथा, प्रेमाची नव्हे, असं कुणी म्हणेल. पण या दोहोंत फरक कुठे करायचा, हाच तर तिचा विषय. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू स्वतः सांगतात, आणि वाचक न्यायाधीशाच्या जागी बसतो. खांडेकरांचा कौल उघड आहे: काही न मागणारी शर्मिष्ठा श्रेष्ठ. देवयानीचा अहंकार त्यांना सोसवत नाही. आजच्या वाचकाने देवयानीचं वकीलपत्र घेऊन पाहावं. कचाने नाकारलेली, नवऱ्याने फसवलेली ही बाई रागावते हा तिचा गुन्हा कसा, हे विचारून पाहावं. कादंबरी त्याने लहान होत नाही.

गौरी देशपांडे यांच्याकडे येईपर्यंत आड येणाऱ्या गोष्टी बाहेर जवळजवळ उरलेल्याच नाहीत. 'एकेक पान गळावया' (१९८०), 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' (१९८५), 'दुस्तर हा घाट आणि थांग' (१९८९) यांतल्या नायिका शिकलेल्या, परदेशांत वावरलेल्या, स्वतःच्या मर्जीच्या. 'तेरुओ'मध्ये विवाहित भारतीय स्त्री आणि जपानी पुरुष. 'थांग'मध्ये कालिंदी, तिचा नवरा इयान आणि दिमित्री. या सगळ्या सुखवस्तू बायकांच्या गोष्टी, सामान्य मराठी बाईला त्यांचं काय, अशी टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली आणि आजही होते. पैशाची आणि मोकळिकीची सोय या नायिकांना आहे, हे खरंच. पण त्यामुळेच एक शोध शक्य झाला. सासू नाही, बंधन नाही, उपासमार नाही. सगळे अडसर काढल्यावरही दुसऱ्या माणसावर प्रेम करून स्वतःचं उरता येतं का? गौरींचं उत्तर 'हो' इतकं सोपं नाही. ज्या बाईच्या वाट्याला अजून बाहेरचेच अडसर आहेत, तिलाही हे आधी वाचून ठेवण्यात लाभच आहे, कारण तिची मुलगी या प्रश्नाशी येऊन ठेपली आहे.

आणि बाहेरचे अडसर संपले असं ज्याला वाटतं, त्याने सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) वाचावी. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एक भाडेकरू येतो आणि घरातला मुलगा तनय व मुलगी अनुजा दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो. कादंबरीचा अर्धा भाग तनय सांगतो, अर्धा अनुजा; भाडेकरूला नाव नाही. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाऊन एकटी परत येते, तेव्हा घर हादरतं, चिडतं, पण तिला काय झालं आहे हे घराला कळतं. तनयला काय झालं आहे हे विचारायला घराकडे शब्दच नाहीत. एकाच माणसासाठी दोन भावंडं रडतात आणि एकाचं रडणं मोजलं जातं, दुसऱ्याचं मोजलंच जात नाही. पुस्तक आलं तेव्हा कलम ३७७ लागू होतं; समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा त्याचा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. विभावरींच्या अचलेला कायद्याने बारा-तेरा वर्षांनी वाट दिली, तनयलाही बारा वर्षांनी. घराने वाट द्यायला कायद्याहून किती जास्त वेळ लागतो, हे मात्र दोन्ही पुस्तकांत सारखंच दिसतं.

तरुण मुलं-मुली आज प्रेमकथा वाचत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. त्यांच्या हाती कोणत्या प्रेमकथा आपण दिल्या, हे आधी पाहावं. 'रणांगण' दोनशे पानांच्या आतली आहे, दोन बैठकांत वाचून होते. तिच्यापासून सुरुवात करा, घरातल्या मोठ्यांना आणि धाकट्यांना एकाच आठवड्यात वाचायला द्या, आणि चक्रधर मुंबईला उतरला ते योग्य केलं का, यावर प्रत्येकाचं मत विचारा.